समईकडची पाकळी

पाकळी पडली ती समईकडची. मी डोळे फाडून बघत होते, त्यामुळे मला तरी त्यात शंका नाही, आणि दुसऱ्या कुणी काढायला येऊ नये.

भिकाजी गुरव गाभाऱ्यात वाकून बघत होता. तो सरळ झाला, मान वळवून त्यानं माझ्या भाऊकाकांकडं बघितलं, जरासा थांबला आणि मग म्हणाला, "डावो."

सभामंडपातल्या पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगो बाय माझ्ये" असं हळूच म्हणालं. माझ्या आईनं हात जोडले, कपाळाला लावले आणि पदर सावरून ती उठायला लागली. म्हणजे संपलं. देवानं नको म्हटलं. बेळगाव नको, ऑपरेशन नको, छातीतली गाठ आहे तिथंच राहू दे. नखाएवढ्या पाकळीवर माझ्या आईचं जगणं-मरणं ठरलं, आणि ठरवणारे सगळे ताठ मानेनं मांड्या घालून बसलेले. आज हे सांगतानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या घरात कौल घेतल्याशिवाय पान हलत नसे. विहीर खणायची, कौल. सोयरीक जुळवायची, कौल. पद्धत साधी. गुरव तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवणार, गाऱ्हाणं घालणार, आणि मग सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. पाणी सुकलं की एक पाकळी सुटून खाली पडते. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मीही मानत होते. खोटं कशाला सांगू? त्या घरात जन्मलेलं पोर मानणार नाही तर काय करणार? आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेली गोष्ट ती.

गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती गुणाआत्याच्या. आईची पाठ चोळताना तिचा हात काखेखालून पुढं सरकला होता. आत्या म्हणजे भाऊकाकांची आणि माझ्या अप्पांची धाकटी बहीण, लग्न न झालेली, घरातच राहिलेली. "गुणाचा कौल डावा आला" असं तिच्याबद्दल बोलायचे, जसं एखादीला जन्मतःच पायात दोष असावा तसं. घरातलं सगळं तिच्या अंगावर. म्हशीची धार तीच काढणार, भाऊकाकांना ताट तीच वाढणार, आणि दुपारी देवळातल्या समईच्या वाती तीच वळणार. बोलायची कमी. त्या दिवशी मात्र तिनं मला परसात ओढत नेलं आणि म्हणाली, "शालू, तू कॉलेजात शिकतंस. हिका डॉक्टराकडे घेवन जा. कोणाक सांगा नको."

आम्ही कुडाळला गेलो. डॉक्टरीणबाई आईच्या समोरच स्टुलावर बसल्या.

"कुठल्या बाजूला आहे गाठ?"

"उजव्या," आई म्हणाली.

"उजवी म्हणजे तुमची उजवी ना?"

आई गोंधळली. "माझी नायतर कोणाची?"

बाई हसल्या. "तसं नव्हे हो. तुम्ही माझ्या समोर बसलात. तुमची उजवी ती माझ्या डाव्या हाताला येते. म्हणून विचारून घ्यायचं. आम्ही नेहमी पेशंटची बाजू धरतो, नाहीतर भलतीकडेच कापून ठेवू."

तपासल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "लगेच बेळगावला न्या. मी चिठ्ठी देते. आत्ता काढली तर तुझी आई जगेल. घरी जाऊन चर्चा करत बसू नका."

चर्चा! आमच्याकडं चर्चा कधी झालीच नाही. भाऊकाकांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि माझ्या अप्पांना म्हणाले, "देवाक इचारल्याशिवाय बायलमाणसाच्या आंगार सुरी चलवची नाय. सोमवारी कौल लावया. तिका सांग."

'तिका' म्हणजे माझी आई, जी दारात उभी राहून ऐकत होती. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही असा आमच्याकडं रिवाज. भाऊकाका तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचे, तिच्याशी कधीच बोलले नव्हते. आणि अप्पा? अप्पा माझे मायाळू, पण भावापुढं त्यांच्या तोंडाला कायमचं कुलूप. त्यांनी वळून आईला सांगितलं, "सोमवारी कौल लावया म्हणता."

"आयकलंय," आई म्हणाली.

भाऊकाकांच्या मनात काय होतं ते मला आधीच ठाऊक होतं. रात्रीच्या जेवणाला बसताना ते नंदूदादाला, म्हणजे मस्कतहून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या मुलाला, सांगत होते, "परक्या बाप्यासमोर धुऱ्यांच्या घरची सून उघडी पडतली. उद्या गावात तोंड दाखवूक व्हया मा?" देव आहे ना बघायला, असं मला वाटत होतं. रवळनाथ काही भाऊकाकांचा नोकर नव्हे.

तर तो सोमवार. भिकाजीनं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, धुऱ्यांच्या घरातल्या धाकट्या सुनेच्या आंगात गाठ इली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"डॉक्टर कापूक सांगता आसा..."

"व्हय म्हाराजा!"

वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं 'व्हय म्हाराजा' तयार. गुरव मधेच 'आणि ह्या सगळ्यांका विहिरीत ढकल' म्हणाला असता तरी व्हय म्हाराजाच आलं असतं. "तर तुझी मर्जी असात तर उजवो दी, मर्जी नसात तर डावो दी..."

आणि मग पाकळी पडली. समईकडची. भिकाजीनं काकांकडं बघितलं. काकांनी ओठ मुडपून जमिनीकडं बघितलं. मग शब्द आला, डावो.

ते बघणं मी आधी कितीतरी वेळा पाहिलं असेल, पण दिसलं मला त्या दिवशी. आणि त्याच क्षणी ती डॉक्टरीणबाई माझ्या कानात बोलली. तुमची उजवी ना?

समई आमच्या डाव्या हाताला होती. पण देव तर आमच्याकडं तोंड करून उभा. मग समई त्याच्या कुठल्या हाताला?

"थांबा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "भिकाजीमामा, डावो कोणाचो?"

"काय गो?"

"डावो कोणाचो? देवाचो काय तुमचो? देव तुमच्या समोर उभो आसा. समई तुमच्या डाव्या हाताक आसा, म्हणजे देवाच्या उजव्या हाताक आसा. मगे ही पाकळी उजवी काय डावी?"

भिकाजीनं स्वतःच्या हातांकडं बघितलं, मग देवाच्या हातांकडं, परत स्वतःच्या. देवाची शपथ, तो माणूस हात हलवून बघत होता.

"पूर्वापार चलत इला आसा ता," तो म्हणाला.

"पूर्वापार कोणाचो?"

"देवाचोच उजवो धरतत," मागून तात्या घाडी म्हणाला.

"खुळो काय रे तू? कौल मागणाऱ्याचो धरतत," शेजारचा म्हातारा त्याच्यावर खेकसला. "माझ्या बापाशीन सांगल्यानी होता."

"तुझो बापूस आंधळो होतो!"

बघता बघता त्या दोघांची जुंपली. जन्मभर एकाच देवळात बसून 'व्हय म्हाराजा' म्हणणारी ही माणसं, आणि यांना उजवी कुठली हेच ठाऊक नाही! त्यावर यांनी जमिनी वाटल्या, लग्नं जुळवली, मोडली. माझं टाळकं सरकलं. मी उभी राहिले.

"नंदूदादाक मस्कताक जावचा होता, तेव्हा कौल लावल्यात. तेव्हा हीच पडली. हीच, समईकडची! तेव्हा 'उजवो' म्हणून वरडल्यात आणि पेढे वाटल्यात. मी थंयच होतंय, पेढो खाल्लंय. तेव्हा उजवी ती आज डावी कशी झाली?"

आता भिकाजीनं भाऊकाकांकडं बघितलं ते उघडउघड, बुडणाऱ्यानं काठाकडं बघावं तसं. आणि भाऊकाका हसले. तेच मला अजून विसरता येत नाही, ते रागावले नाहीत, हसले.

"अप्पा," ते माझ्या वडलांना म्हणाले, "चेडवाक शिकवलंस ता बरा केलंस. पण अर्धाच शिकवलंस. अरे, उजवो डोळो लवलो तर बाप्याक बरो, पण बायलेक? बायलेक डावो बरो. हात बघणारो बाप्याचो उजवो हात बघता, बायलेचो डावो. ह्या कोणाक म्हायत नाय? मगे देवाकडे पण तसाच. बायलमाणसाचो कौल उलटो वाचूचो. नंदूचो उजवो तो उजवो. हिचो उजवो तो डावो."

"व्हय, व्हय!" तात्या घाडी म्हणाला. "बरोबर आसा!" म्हाताराही म्हणाला. भांडणं मिटली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली, जणू घराला लागलेली आग विझली. बायकासुद्धा माना हलवत होत्या, कारण डोळ्याचं सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि संताप येतो तो याच गोष्टीचा. ते माझ्याही डोक्यात चपखल बसलं. क्षणभर मला वाटलं, खरंच की, उलटंच असतं आपलं.

आई माझा हात ओढत म्हणाली, "चल गो. शोभा करा नको."

"मगे म्हस?"

आवाज मागच्या खांबाकडून आला. गुणाआत्या तिथं कापसाची टोपली घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नव्हती, मांडीवर वात वळत होती.

"काय म्हस?" भाऊकाका म्हणाले.

"चंद्री. आपली म्हस." आत्यानं वात टोपलीत ठेवली. "गेल्या पावसात तिच्या कासेक गाठ झाली. दूध देयना. तू हय येवन कौल लावलंस. खंयची पाकळी पडली?"

भिकाजी देवाकडं बघायला लागला.

"तेका कित्याक त्रास देतंस? मी सांगतंय. मी ह्याच खांबाकडे वाती वळत होतंय. समईकडची पडली. आणि तुम्ही काय म्हटल्यात? उजवो. दुसऱ्या दिसाक ढोरांचो डॉक्टर जीपीत बसून इलो, चंद्रीची कास कापल्यान, पू काढल्यान, पट्टी बांधल्यान. तिका मी धरलेलंय." आत्यानं आता मान वर केली. "म्हस बायलमाणूस न्हय? काय रेडो होतो तो?"

बायकांच्या बाजूला कुणाचंतरी हसू फुटलं आणि मग ते आवरेना. पदर तोंडात कोंबून बायका हसत होत्या. तात्या घाडीसुद्धा खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवत होता. भाऊकाकांचा चेहरा तांबडालाल झाला.

"गुणा, गप रव! जनावराची गोष्ट येगळी."

"व्हय तर," आत्या म्हणाली. "येगळीच. तिका डॉक्टर गावलो."

हसणं थांबलं. माझ्या आईनं माझा हात सोडला.

मानी माणूस अडचणीत आला की आवाज चढवतो. भाऊकाका ओरडले, "भिकाजी! परत लाव कौल. सगळ्यांच्या समोर लाव. बघूया देव काय सांगता!"

भिकाजीनं घाईघाईनं नव्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या. आणि माझी आई, जी उभ्या जन्मात पुरुषांच्या बाजूला गेली नव्हती, ती सरळ चालत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

"नको," ती म्हणाली.

भिकाजी जागीच थबकला. आई वळली, आणि भाऊकाकांच्या डोळ्यांत बघून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"भावोजी, त्या डॉक्टरणीन माका पयली काय विचारल्यान म्हायत आसा? उजवी म्हणजे तुमची मा? हय इतके जण बसलासात. माका कोणी विचारूक नाय. देवाक विचारल्यात, गुरवाक विचारल्यात. गाठ कोणाच्या आंगात आसा?"

भाऊकाका अप्पांना म्हणाले, "अप्पा, तिका सांग..."

"माका सांगा," आई म्हणाली. "मी हय उभी आसंय. गाठ माझी, उजवी पण माझीच. मी बेळगावाक जातंय. तुमचो देव नको म्हणात तर त्येका सांगा, बेळगावाक येवन म्हणू दी."

अप्पा उठून उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसते आईच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आमच्या अप्पांच्या मानानं तेसुद्धा भाषणच होतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. गाठ निघाली. आईचे पुढं फार हाल झाले, केस गेले, खाल्लेलं अन्न पोटात ठरेना, पण ती जगली. माझी मुलं तिच्या मांडीवर वाढली. दर सोमवारी ती देवळातही जायची. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, "देवान माझा काय वायट केल्यान? त्येका बिचाऱ्याक तरी कोणी विचारल्यान?" तिचा देव तिनं असा वेगळा काढून घेतला. मला ते जमलं नाही.

पण त्या दिवशीचं अजून संपलेलं नाही.

भाऊकाका गावचे मानकरी. वारं फिरलेलं त्यांना बरोबर कळायचं. बायका उभ्या राहिल्या होत्या, तरणी पोरं आपसात कुजबुजत होती, आणि आता ओढून धरलं तर हातात काही उरणार नाही हे त्यांनी ओळखलं. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणाले, "बरा. वाद नको. आजपासून एकच ठरवया. समईकडची ती उजवी. देवाचो उजवो तोच सगळ्यांचो उजवो. बाप्यो असो, बायल असो, ढोर असो. भिकाजी, आयकलंस? तर धुऱ्यांच्या सुनेचो कौल उजवो झालो. देवान होकार दिल्यान. काय?"

"व्हय म्हाराजा!"

तीच तोंडं! त्याच तोंडांनी मघाशी बायकांचं उलटं असतं म्हणून माना डोलावल्या होत्या. मला हसावं की तिथली घंटा उपटून एकेकाच्या डोक्यात घालावी तेच कळेना. पण आई जाणार होती. पायात चपला सरकवून मंडळी निघायला लागली, भिकाजीनं सुटकेचा श्वास टाकून पाकळ्या परत तबकात ठेवल्या.

"मगे माझो?"

आत्या उठली नव्हती. टोपली तिच्या मांडीवर तशीच होती.

"तुझो काय आता?" भाऊकाका वैतागून म्हणाले.

"माझो कौल."

"कसलो कौल?"

"मास्तराच्या स्थळाचो."

लोक जिथं होते तिथंच थांबले. मला त्या मास्तराचं काही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गावात शाळेवर कुणी मास्तर होते, त्यांनी स्वतःहून आत्याला मागणी घातली होती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात फक्त एवढंच सांगायचे, गुणाचा कौल डावा आला.

"माझी पण समईकडचीच पडली होती, भाऊ," आत्या म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "त्याच समईक मी रोज वाती घालतंय. खंयची पाकळी पडली ता मी इसारतलंय? तू आता सगळ्यांच्या समोर सांगलंस, समईकडची ती उजवी. बाप्याची, बायलेची, म्हशीची, सगळ्यांची. मगे माझो कौल काय झालो?"

देवळात इतकी माणसं, पण एकाच्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघेना.

"सांग मा. माझो कौल उजवो काय डावो?"

आणि भाऊकाकांच्या तोंडून खरं निसटलं. देवाचं नाव घेतलं असतं तर कदाचित तेव्हाही निभावून गेलं असतं, पण माणूस चिडला की खरं बोलतो. ते ओरडले, "अगो, नंदू रांगत होतो! तुझी वयनी हातरुणार पडलेली! तेव्हा घर कोणी बघूचा होता?"

बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. भिकाजी गुरवानं मान खाली घातली. नंदूदादा, चांगला बाप्या झालेला, मस्कतहून सुट्टीवर आलेला, आत्याकडं बघून लहान मुलासारखा रडायला लागला. त्याची आई त्या दुखण्यातून उठलीच नव्हती, त्याला आत्यानंच वाढवलं होतं.

आत्यानं नजर भावाकडं वळवली.

"मगे तसा सांगूचा होता," ती म्हणाली. "माका सांगलेलंस, गुणा, घर पडता, रव, तर मी कदाचित आपणहून रवलंय असतंय. देवाक कित्याक मधी घातलंस? मी जल्मभर त्येका विचारीत रवलंय, माझा काय चुकला म्हणून."

मग ती उठली, समईजवळ गेली आणि टोपलीतल्या वळलेल्या सगळ्या वाती तिथंच फरशीवर ओतल्या. एकही समईत घातली नाही. टोपली मात्र बरोबर घेतली, ती तिची होती.

घरी आलो. आईची पिशवी मी भरली, दुपारच्या एसटीनं निघायचं होतं. अप्पा दोनदा आत-बाहेर करून शेवटी तेही चपला घालून तयार होऊन बसले. भाऊकाका जेवायला पाटावर बसले, नेहमीच्या जागी, ताट पुढं घेऊन. देवळात काहीही झालं तरी भूक लागते माणसाला. ताट रिकामं होतं. ते वाट बघत होते, कारण त्यांनी स्वतःच्या हातानं भात वाढून घेतलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. आत्या पळी घेऊन शेजारी बसायची, ते नुसती मान हलवायचे आणि तिला कळायचं, आमटी हवी की ताक.

आत्या आतून आली. तिनं लुगडं बदललं होतं आणि काखेत एक गाठोडं होतं. भाताचं तपेलं आणि आमटीचं भांडं तिनं काकांच्या ताटापुढं आणून ठेवलं, वर पळी ठेवली.

"ह्या काय?" काका म्हणाले.

"मी वयनीबरोबर बेळगावाक जातंय. तिका बघूक कोणतरी व्हया."

"आणि मगे?"

"मगे शालूकडे. ती कुडाळाक खोली घेवन ऱ्हवता. थंय रवान."

"अगो, पण हय माका कोण वाढतला?"

आत्या वाकली. मला वाटलं, सवयीनं पळी उचलते की काय. तिनं फक्त त्यांचा हात मनगटाला धरून उचलला आणि त्यांच्याच डोळ्यांपुढं धरला.

"ह्यो तुझो उजवो हात," ती म्हणाली. "ह्येका तरी गुरवाक विचारूक नको. घे वाढून."

आम्ही निघालो. पुढं अप्पा आणि आई, मागं मी, आणि माझ्यामागं गाठोडं काखेत मारून आत्या. अंगण ओलांडलं, तुळशीला वळसा घातला. बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी पोचतोय तोच मागून घरातून भाऊकाकांचा आवाज आला. आवाजात राग नव्हता, नुसती सवय होती, आणि तीच मला जास्त झोंबली.

"गुणाऽ! मीठ खंय आसा गोऽ?"

आत्या थांबली. तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं, घराकडं तोंड केलं आणि आख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "कौल लावून बघऽ!"